जन्माच्या डोसांआधी आईला विचारा : विदर्भातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक यांस

विषय : नवजात बाळाच्या पहिल्या लसींआधी आईवडिलांना माहिती देणे आणि त्यांचं उत्तर नोंदवणे

सप्रेम नमस्कार.

उपकेंद्रावर किंवा अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र असतं, तेव्हा आई बाळाला दुपट्यात गुंडाळून उन्हातून चालत येते. तिचं येणं हीच तिची संमती, असं आपला कार्यक्रम धरून चालतो आणि ते बरंचसं खरंही आहे. जन्माच्या वेळी मात्र हा हिशेब लागू पडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती बाळंत व्हायला आलेली असते, लस द्यायला नाही. नाळ कापून बाळ वॉर्मरखाली जातं. मांडीत एक सुई, थोड्या वेळाने दुसऱ्या मांडीत दुसरी, तोंडात दोन थेंब, दंडावर तिसरी सुई. आई अजून टेबलावर असते, टाके घालणं चालू असतं. घरी गेल्यावर तिला एवढंच सांगता येतं, "पोराले तीन सुया टोचल्या. काहून टोचल्या, ते मालूम नाही." त्यातली पहिली सुई लसीची नव्हतीच, रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेल्या १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के ची होती, हेही तिच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

आम्ही लसीकरणाच्या बाजूचे आहोत. हे पत्र वाचून कुणी बाळाची लस पुढे ढकलली तर आमचा हेतूच बुडाला असं आम्ही समजू. आमचं म्हणणं एवढंच की जन्माच्या डोसांची संमती बाळंतपणाच्या खोलीत मागण्याची गोष्ट नाही. ती सातव्या-आठव्या महिन्यात, कळा नसताना, निवांत बोलून घ्यावी. आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते कार्डावर लिहिता आलं पाहिजे.

गरोदरपणातच का, ते घड्याळाकडे पाहिलं की कळतं. कावीळ-ब चा जन्माचा डोस, ०.५ मिली, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत, २४ तासांच्या आत द्यायचा असतो. जितका लवकर तितका उपयोगी. कारण हा विषाणू बाळंतपणातच आईच्या रक्तातून बाळाकडे जातो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांच्या अंगात तो आयुष्यभर राहतो आणि पुढे त्यातून यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असतं. २४ तास गेले की हा डोस हातचा जातो आणि मग सहाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंटपर्यंत (कावीळ-ब सह पाच रोगांवरची एकत्र लस) वाट पाहावी लागते. तोंडातला झिरो पोलिओ पहिल्या १५ दिवसांत देता येतो. बीसीजी वर्षभरात कधीही देता येतं, पण लवकर दिलेलं चांगलं, कारण मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग आणि सर्व अंगभर पसरणारा क्षयरोग लहान बाळांनाच जास्त गाठतो आणि बीसीजीचा खरा भरवसा तिथेच आहे.

या तीन मुदती वेगवेगळ्या आहेत, हे आईवडिलांना सांगितलंच जात नाही. त्यामुळे ज्या घराला विचार करायला दोन दिवस हवे असतात, त्या घराचं "उद्या सांगतो" हे उत्तर बीसीजीसाठी चालतं, पोलिओसाठी चालतं, कावीळ-ब साठी मात्र तो नकार ठरतो आणि हे त्यांना कळतही नाही. सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा असंही नाही. एखाद्या बापाला बीसीजीने दंडावर येणाऱ्या फोडाची धास्ती असेल, तर आज मांडीतली कावीळ-ब ची सुई घ्या, बीसीजीचं महिनाभरात पाहू, असं म्हणता येतं. हे म्हणण्याची मुभा स्टाफ नर्सला आहे, असं आपल्या परिपत्रकात स्पष्ट लिहून आलं पाहिजे. ते लिहिलेलं नसेल तर ती बिचारी लसीकरणाच्या टक्केवारीला घाबरून बोलतच नाही.

मुदत चुकते त्यात दर वेळी पालकांचाच दोष असतो असंही नाही. रात्री दोनला बाळंतपण होतं, लस आयएलआरमध्ये (लसी ठेवायच्या खास फ्रीजमध्ये) असते, आयएलआरच्या खोलीची किल्ली औषधनिर्मात्याकडे आणि औषधनिर्माता तालुक्याला. दुसऱ्या दिवशी रविवार. किंवा किल्ली असते, पण दहा डोसांची व्हायल एका बाळासाठी फोडली तर वाया जाईल म्हणून कुणी फोडत नाही. ही भीती निराधार आहे. कावीळ-ब ची व्हायल उघडल्यावर २८ दिवस वापरता येते, फक्त उघडल्याची तारीख आणि वेळ लेबलावर लिहायची, २ ते ८ अंशांत ठेवायची, बूच पाण्यात बुडू द्यायचं नाही आणि व्हीव्हीएमचा, म्हणजे व्हायलवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे ना ते पाहायचं. बीसीजीचं तसं नाही. द्रावण मिसळल्यावर ४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. म्हणून कमी बाळंतपणं होणाऱ्या केंद्रात बीसीजी सत्राच्या दिवशी एकत्र देतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते आईला सांगा. नाहीतर शेजारणीच्या बाळाला दिली, माझ्याला का नाही, इथून संशय सुरू होतो.

व्हीव्हीएम उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून सगळं लक्ष उन्हाकडे. पण कावीळ-ब आणि पेंटा या लसी गोठल्या की कायमच्या बाद होतात, आणि फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक घाम सुटेपर्यंत बाहेर न ठेवता तसेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरले की हेच होतं. आइसपॅक कानाशी हलवला तर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. व्हायल गोठली असावी असा संशय आला तर शेक टेस्ट करा. ती आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच बॅचची व्हायल, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. मुद्दाम गोठवलेलीइतक्याच झपाट्याने संशयित व्हायलमधला गाळ खाली बसला तर ती फेकायची. पालकाची संमती चांगल्या लसीसाठी असते. बिघडलेली लस टोचणं हासुद्धा त्या संमतीचा भंगच आहे.

याच कारणाने आमची एक साधी मागणी आहे : टोचण्याआधी, पाजण्याआधी व्हायल आईच्या किंवा बापाच्या डोळ्यांसमोर धरावी, लसीचं नाव मोठ्याने वाचावं. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या मोहिमेत १२ मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली. पण त्या बातमीनंतर कितीतरी आयांनी डोसाच्या बाटलीकडे पहिल्यांदा निरखून पाहिलं. ते पाहणं आपण अविश्वास समजू नये, त्याला कामाचा एक टप्पा करावा. दोन जणांनी वाचलेलं लेबल एकाने वाचलेल्यापेक्षा भरवशाचं.

कायद्याचं थोडक्यात. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे आणि त्यातल्या लसी ऐच्छिक आहेत. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेबाबत सांगितलं की पालकांची संमती वगळता येणार नाही, आणि लसीचे दुष्परिणाम व ती कुणाला देऊ नये याची माहितीही द्यावी लागेल. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या प्रकरणात म्हटलं की अनुच्छेद २१ खाली शरीराची अखंडता जपली जाते आणि कुणावर लस लादता येणार नाही. त्याच निकालात सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला आहे. गोवरासारख्या रोगात एका घराचा निर्णय शेजारच्या नऊ महिन्यांच्या आतल्या बाळावर येतो, हे २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावच्या साथीत दिसलं. जन्माच्या डोसांपैकी बीसीजी आणि कावीळ-ब मात्र प्रामुख्याने त्याच बाळाला वाचवतात. म्हणून सक्तीचा आधार इथे सर्वांत कमकुवत आणि समजावण्याचा आधार सर्वांत पक्का आहे. आई स्वतःच्या लेकरासाठी ऐकते. तिला फक्त ऐकवलं पाहिजे.

मग ते पाच मिनिटांचं बोलणं कसं असावं? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. यापैकी एका दिवशी, २८ व्या आठवड्यानंतर, सोबत जी असेल ती सासू, आई किंवा नवरा यांच्यासमोर बोलावं. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, त्यामुळे जिथे ती बाळंत होणार तिथल्या आशाताईलाही हे कळलं पाहिजे. सांगायचं ते इतकं : जन्मल्याबरोबर कोणत्या तीन लसी आणि त्याशिवाय एक व्हिटॅमिनची सुई, प्रत्येक कुठे टोचतात, कशासाठी, किती वेळात, नंतर काय दिसेल, काय दिसलं तर दवाखान्यात यायचं. शेवटी परीक्षा घेतल्यासारखं नाही, सहज विचारायचं, "बाई, घरी सासूबाईनं विचारलं तर काय सांगाल?" तिने तिच्या शब्दांत सांगितलं तर बोलणं पोचलं. नुसती मान हलली तर पुन्हा सांगायचं.

प्रश्न नेहमी तेच येतात आणि त्यांची उत्तरं पक्की आहेत. "लेकरू तं चांगलं हाये, मंग सुई कायले?" चांगलं आहे तेव्हाच द्यायची असते. आजारी बाळाचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात, पण विशेष नवजात कक्षातून घरी सोडताना राहिलेली लस देऊनच सोडतात, हे विसरू नका. "दंडावर फोड आला, पू आला." बीसीजी कातडीतच ०.०५ मिली टोचतात. लगेच मटकीएवढा फुगा येतो आणि तो अर्ध्या तासात जिरतो. दोन-तीन आठवड्यांनी गाठ येते, ती फुटते, उथळ जखम होते आणि ६ ते १२ आठवड्यांत व्रण मागे ठेवून भरते. त्यावर हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही, दाबायचं नाही, साध्या पाण्याने अंघोळ चालते. डाव्या काखेत मोठी गाठ आली किंवा जखम तीन महिन्यांनंतरही वाहत राहिली तर दाखवायचं. व्रण उठला नाही तर पुन्हा टोचायची गरज नाही. "आमच्या घरात सिकलसेल हाये, चालते का?" चालते, एवढंच नाही, सिकलसेलच्या बाळाला तिची जास्त गरज आहे. त्याची प्लीहा लवकर कमजोर होते आणि न्यूमोकोकस जंतू जिवावर बेततो. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकसवरच्या लसीचे, हे तिन्ही डोस त्या घराने चुकवू नयेत.

तापाबद्दल आपल्याकडून सर्वांत मोठी गफलत होते. सहा आठवड्यांच्या पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरतं. तेव्हा पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचं. ४ किलोच्या बाळाला ड्रॉप्स असतील तर अर्धा मिली पुरे, सिरप असेल तर २ मिली. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपच्या ५ मिलीत १२५. हा फरक न सांगता बाटली दिली की घरात चमचा आणि ड्रॉपर यांची अदलाबदल होते आणि बाळाला चौपट औषध जातं. पण हे झालं सहा आठवड्यांनंतरचं. पहिल्या २८ दिवसांतला ताप हा 'सुईचा ताप' समजून घरी बसायचं नाही. अंग गरम लागतंय किंवा गार पडलंय, दूध ओढत नाही, श्वास जोरात चालतो, छातीच्या फासळ्या आत जातात, तर बाळाला जंतुसंसर्ग असू शकतो आणि तासांचाही उशीर महागात पडतो. त्या वेळी १०२ किंवा १०८ ला फोन करायचा. लसीच्या धसक्याने लपवलेला आणि लसीच्या नावावर खपवलेला ताप, दोन्ही सारखेच घातक.

काही आयांची गरोदरपणातली कावीळ-ब ची तपासणी पॉझिटिव्ह येते. त्यांच्याशी हे बोलणं वेगळं, खोलीचं दार लावून आणि तिच्या परवानगीशिवाय सासूला न सांगता व्हावं. वॉर्डात सगळ्यांदेखत उच्चारलेला एक शब्द तिचं घर मोडू शकतो. तिच्या बाळाला लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, शक्यतो १२ तासांच्या आत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल या भरवशावर राहू नये. बाळंतपण ते इंजेक्शन हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयात व्हावं, हे आठव्या महिन्यातच ठरलं पाहिजे.

भाषेचा प्रश्न वेगळ्या परिच्छेदाचा नाही, सगळ्या बोलण्याचाच आहे. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागड-एटापल्लीत माडिया, गोंदिया-चंद्रपुरात गोंडी, पांढरकवड्याकडे कोलामी, तांड्यांवर गोरबोली. मराठीत छापलेलं पत्रक तिथे भिंतीला चिकटवण्यापुरतं कामाचं. त्याच गावच्या आशाताईच्या आवाजात दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ते प्रत्येक उपकेंद्राच्या मोबाईलवर ठेवायला खर्च नाही. घरोघरी जाऊन नवजात बाळाला जपण्याची पद्धत गडचिरोलीत गावच्या बायांच्या हातांनीच उभी राहिली. भाषेचं कामही त्यांच्यावरच सोपवा.

आता सहीबद्दल. नवा संमती-अर्ज छापू नका, अशी आमची हात जोडून विनंती आहे. दाखल होताना भरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक पान वाढेल, त्यावर कुणातरी नातेवाइकाचा अंगठा घेतला जाईल आणि बोलणं तिथेच संपेल. विदर्भात कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने जमिनी गेल्या आहेत, सावकाराच्या वहीत पिढ्या अडकल्या आहेत. अंगठा मागितला की माणूस सावध होतो आणि तो बरोबर असतो. माता-बाल संरक्षण कार्डावर एक शिक्का पुरेसा आहे : जन्माचे डोस समजावले, तारीख, कोणी, कोणत्या भाषेत, आणि आईचं उत्तर – हो, आणखी बोलायचं आहे, नाही. बाळंतपणाच्या वेळी नर्सने तो शिक्का पाहायचा, आईला एका वाक्यात आठवण द्यायची आणि मगच सुई उचलायची. ऑनलाइन नोंद झाली म्हणजे संमती झाली असं धरू नये.

'नाही' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर नकार नाहीसा होत नाही, 'बाळ बाहेरगावी', 'बाळ आजारी' अशा शेऱ्यांखाली दडतो, आणि कुणी पुन्हा बोलायला जात नाही. कारणही लिहावं : तापाची भीती, बाळ लहान वाटतं, नवरा कामावर गेलाय, आधीच्या मुलाच्या वेळी त्रास झाला, किंवा नकोच. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. त्या भेटींत कारण पाहून बोलता येतं. कापूस वेचणीला किंवा वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब नकार देणारं नसतं, त्याला तिकडचं सत्र कुठे आहे ते सांगायचं असतं.

नकार दिला म्हणून रुग्णालयातून सुटीचं कार्ड अडवायचं नाही, जन्मदाखला अडवायचा नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करणं हा वेगळा कायदा आहे, लसीशी त्याचा संबंध नाही. मातृवंदना योजनेचा प्रसूतीनंतरचा हप्ता मात्र चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसींशी जोडलेला आहे. तो योजनेचा नियम आहे, हे आधीच मोकळेपणाने सांगा. ऐन वेळी धमकी म्हणून वापरू नका.

आणि आशाताईचं मानधन. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं तर तिला १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचं झालं तर ७५. म्हणजे आईने नाही म्हटलं की आशाताईचे पैसे बुडतात आणि समजावण्यात घालवलेल्या तीन भेटींचं मोल शून्य. अशा व्यवस्थेत तिच्याकडून शांतपणे "तुमचा निर्णय" असं ऐकण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. नोंदवलेल्या बोलण्याला वेगळा मोबदला ठेवा, उत्तर काहीही येवो.

लसीनंतर बाळाला गंभीर काही झालं, तर फोनवर लगेच आणि २४ तासांत लेखी कळवण्याची पद्धत आहे. लस घेतल्यावर अर्धा तास थांबवून ठेवणं, ॲड्रेनॅलिनचा किट हाताशी आणि मुदतीत असणं, वापरलेल्या व्हायली ४८ तास जपून ठेवणं, हे सगळं लिहिलेलं आहे, ते होतंय का एवढं पाहा. आमची भर एकाच गोष्टीची : चौकशीचा निष्कर्ष त्या घरी जाऊन, त्यांच्या भाषेत सांगावा आणि कागदावर द्यावा. नवजात बाळं पहिल्या आठवड्यात कमी दिवसांची असल्याने, गुदमरल्याने, जंतुसंसर्गानेही दगावतात. त्याआधी सुई टोचलेली असली की घर सुईकडे बोट दाखवतं. आधी कुणी बोललेलंच नसेल, तर नंतरचं खरं स्पष्टीकरणही सारवासारव वाटतं आणि पुढची पाच वर्षं त्या वस्तीत सत्राला कुणी येत नाही.

प्रत्येक जिल्ह्याने एक ग्रामीण रुग्णालय आणि तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं निवडून हे सुरू करावं. शिक्का तालुक्याच्या बाजारात बनवून मिळतो. येत्या ९ तारखेच्या तपासणीला तो टेबलावर असावा, आणि आयएलआरच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच दिवशी प्रसूतीगृहाच्या ड्युटी नर्सच्या हाती द्यावी.

आपले,
विदर्भाच्या ग्रामीण भागात लसीकरणाचं काम करणाऱ्या आरोग्य सेविका, गटप्रवर्तक, औषधनिर्माते आणि बालरोगतज्ज्ञ